चढवणारा डबा

खडखडखडखड! असा आवाज, तुम्हाला सांगतो, मी पस्तीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा ऐकला आणि तो अजून कानातून गेलेला नाही, आणि तरी तो विजेच्या सामानाचा दुकानदार मला म्हणतो, ‘काका, हे जुनं धूड कशाला नेता परदेशी, तिकडे नवीन मिळतं की!’ मिळतं हो. नवीन सगळं मिळतं. पण मला हेच न्यायचं होतं, त्याला काय करू?

मी केस कापतो. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण लोकांच्या मानेमागे उभं राहून. ते विजेचं मशीन आणलं तेव्हा माझा मुलगा चार वर्षांचा, खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाकून त्याला वर बसवला, मशीन लावलं आणि खडखडखड! पोरगा अर्धं डोकं कापलेलं घेऊन रस्त्यावर पळाला… लोक हसले, मी घाबरलो. मग सापडलं, बाजूला एक बारीक स्क्रू असतो, तो पाव वळसा उलटा फिरवला की खडखड जाते आणि नुसती गुणगुण उरते. मी फिरवला. पोरगा दारात येऊन ऐकत उभा राहिला, आणि मग आपणहून फळीवर चढला. तिथून सतरा वर्षांचा होईपर्यंत त्याचं डोकं माझ्या हाताखाली. आम्ही बाप-लेक जे काय बोललो ते तेवढंच, महिन्यातून एकदा, वीस मिनिटं.

पुढे एक दिवस म्हणाला, ‘मला नाही तुमच्यासारखं आयुष्यभर लोकांच्या मानेमागे उभं राहायचं.’ गेला. चांगला शिकला, परदेशी स्थिरावला. फोनवर काय? ‘बाबा, औषध घेता ना?’ ‘घेतो.’ ‘आईला फोन द्या.’ झालं! बावीस वर्षं! आणि आता सूनबाईंचा फोन, दोघं महिनाभर या. म्हटलं, एकदा त्याचे केस कापायचे. बस्स, दुसरं काही नको.

तर मी गेलो दुकानात. म्हटलं, या मशीनची पिन तिकडच्या भिंतीत बसेल असं काहीतरी द्या. त्यानं एक पांढरा अडॅप्टर दिला, म्हणाला, ‘बसणार म्हणजे बसणार!’ मी खूश. दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीत वीज कचेरीतले साहेब, निम्मी दाढी झालेली, तशाच फेसातून म्हणतात, ‘काका, बसणं वेगळं, चालणं वेगळं. हा फक्त पिनांचा आकार बदलतो. तिथे विजेचा दाब आपल्या निम्मा. मशीन नुसतं कण्हत बसेल आणि केस ओढेल.’

बसणं वेगळं, चालणं वेगळं! अहो, मग त्या दुकानदाराला हे सांगायला काय झालं होतं?

पुन्हा दुकान. त्यानं कन्व्हर्टर काढला, हातात मावेल एवढा. मी घेऊन आलो, साहेबांना दाखवला, ते म्हणाले, ‘काका, हा विजेचा दाब उतरवणारा आहे. तुम्हाला चढवणारा पाहिजे.’ पुन्हा दुकान. म्हटलं, मला चढवायचंय, तुम्ही उतरवलंत. तर म्हणतो कसा, ‘मग उलटा लावा!’ आता मी चौथी शिकलेला माणूस, पण एवढं मलाही कळतं हो! शेवटी मागच्या खोलीतून त्यानं एक लोखंडी डबा आणला. तीन किलो! विटेसारखा. म्हणाला, ‘हा चढवतो, पण चढवायला जरा वजन लागतं.’

घरी बॅग भरताना त्या डब्यापायी आमच्या हिची शाल बाहेर, लोणच्याची बरणी बाहेर. ती म्हणाली, ‘मुलाला भेटायला चाललोय की तिथल्या लोकांना वीज पुरवायला?’ मी डबा बॅगेच्या तळाशी सरकवला. बोलून वजन कमी होणार होतं थोडंच?

पोहोचलो. मुलगा घ्यायला आलेला, डोक्यावर लोकरीची टोपी. फोनवर चेहरा दिसायचा तेव्हाही टोपीच, मला वाटायचं थंडी असेल बिचाऱ्याकडे. पण घरात ऊब, जेवताना ऊब, आणि टोपी तशीच! मी दोन दिवस विचारलं नाही. तोही बोलला नाही. औषध घेता ना, घेतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र अंथरलं, खुर्ची ठेवली. भिंतीत अडॅप्टर, अडॅप्टरमागे डबा, डब्यामागे मशीन. सूनबाई म्हणाल्या, ‘बाबा, इमारतीचा फ्यूज नाही ना जाणार?’ म्हटलं, नाही, साहेबांना विचारलंय. पिन बसली, अगदी घट्ट. बटण दाबलं.

खडखडखडखड!

काय सांगू तुम्हाला… तोच आवाज. तिथली वीज म्हणे आपल्यापेक्षा जरा घाईत असते, सेकंदाला आपले पन्नास हेलकावे तर तिचे साठ, हे साहेब सांगायचे विसरले. एवढं ओझं वाहून आणलं आणि पुन्हा तेच, बसणं वेगळं, चालणं वेगळं! मी मशीन हातात धरून नुसता उभा. सूनबाईंनी कानावर हात ठेवले.

तेवढ्यात दारातून आवाज आला, ‘बाबा, स्क्रू. पाव वळसा उलटा.’

मुलगा उभा होता. हातात पेचकस. मी घेतला, फिरवला. गुणगुण सुरू झाली.

तो खुर्चीत येऊन बसला. मग टोपी काढली.

अहो, डोक्यावर काही नाही! तुळतुळीत. दोन कानांच्या वर आणि मागे मानेपाशी तेवढी झालर. ‘केस कापणाऱ्याच्या मुलाला टक्कल,’ तो पुढे बघत म्हणाला, ‘कसं दाखवणार होतो तुम्हाला?’

तीन किलो लोखंड आणलं होतं मी. म्हटलं, मान खाली कर. झालर सारखी केली, कानामागे हात फिरवला, मानेवरचे बारीक केस फुंकरीनं उडवले. दोन मिनिटांचं काम, पण मी वीस मिनिटं घेतली. तोही हलला नाही.

मग उठला, पेचकस खिशात टाकला, आणि कामावर निघून गेला. टोपी खुर्चीवरच राहिली.