एकेचाळीस टॅबलेट, एक प्लग

…एक प्लग! अहो, टॅबलेट एकेचाळीस आणि अख्ख्या वर्गात प्लग एक, तोही खिडकीखाली इतक्या बुडाशी की आमच्या शिपाईमामांना आधी गुडघे टेकावे लागतात आणि उठताना देव आठवावा लागतो! मी विचारलं मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, की बाई, हे सगळे चार्ज व्हायचे कसे? तर चष्म्यावरून बघत म्हणतात कशा, "पाळीपाळीनं!" पाळीपाळीनं? एकाला दोन तास, तर एकेचाळिसांना ब्याऐंशी, म्हणजे शेवटच्याची पाळी येईतो पहिल्यानं कधीच मान टाकलेली! तुम्हाला सांगते, तिसरीचा वर्ग शिकवते मी, पण गेले दोन महिने मी शिकवत कमी आणि वायरी सोडवत जास्त बसलेय.

आणि हजेरी! पूर्वी मी नाव घ्यायची, पोरं "हजर बाई" म्हणून किंचाळायची, संपला विषय. आता कसं, तर ज्याचा टॅबलेट चालू तो हजर, बंद तो गैरहजर. शेवटच्या बाकावरचा लांब्या माझ्या डोळ्यांदेखत शेजाऱ्याला कोपरानं ढोसतोय, खी खी हसतोय, आणि पडद्यावर काय? गैरहजर! आणि ती दोन वेण्यांची मुलगी, तिला गोवर आलेला, चार दिवस घरी अंथरुणात… पण तिचा टॅबलेट शेजारणीनं रोज हौसेनं चालू केला, की ही हजर! वर "सलग चार दिवस उपस्थिती" म्हणून सोनेरी तारासुद्धा! आता ह्यात मी काय समजायचं, तुम्हीच सांगा!

आमच्या ह्यांना सांगितलं घरी. पेपरातून डोकं न काढता म्हणतात, "काळाबरोबर चालावं गं माणसानं." अहो, चालायला माझी ना आहे का? पण काळच तिथं प्लगापाशी रांगेत उभा, त्याला मी काय करू?

तशात एक दिवस मोठ्या बाईंनी बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्यांनी दार लावलं ना, की समजावं, काहीतरी निघालं! "हे बघा, बुधवारी वरचे साहेब येताहेत तुमचा तास बघायला. अपूर्णांक, टॅबलेटवर. जमलं तर उत्तम, नाहीतर तिसरी नव्या बाईंकडे आणि तुम्ही सामानाच्या खोलीत. शांत काम आहे हो!" शांत काम! खडूची खोकी रचायची आणि नकाशांवरची धूळ झटकायची! बावीस वर्षं तिसरी शिकवतेय मी, दुसरं काही येतं का मला? खोटं कशाला बोलू, नळापाशी गेले, तोंड धुतल्यासारखं केलं आणि रडून घेतलं.

मग काय, मी आणि शिपाईमामा, बुधवारपर्यंत प्लगाची नुसती राखण! मी डबा खायची तेव्हा ते वायर बदलायचे, ते चहाला गेले की मी.

बुधवार उजाडला. सगळी पोरं हजर, म्हणजे खरीखुरी हजर, आणि टॅबलेटही एकजात चालू! साहेब शेवटच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकलेले. पडद्यावर एक गोल, तो बोटानं कापायचा. पण खिडकीतून ऊन थेट पडद्यावर, काही म्हणता काही दिसेना, तर पोरं शिरली बाकांखाली! साहेबांना दिसल्या त्या नुसत्या पाठी. आणि बाकांखालून आवाज, "शाबास!" "पुन्हा प्रयत्न करा!" "शाबास!" "पुन्हा!"… शाबास कोण आणि पुन्हा कोण? आता ह्यात मी काय समजायचं, तुम्हीच सांगा!

पण जमलं हो, पहिलं गणित जमलं! मला इतकं हायसं वाटलं, आणि तिथंच घात झाला. बावीस वर्षांच्या सवयीची जीभ ती! एक गणित झालं की जे म्हणते तेच म्हणाले, "छान! चला, पाटी पुसा!"

माझी पोरं गुणी हो. एकेचाळीस जणांनी कोपऱ्यातलं लाल बटण शोधून काढलं, "सगळं पुसा". लांब्या ओरडला, "बाई, हे विचारतंय, नक्की का?" मी आपली साहेबांकडे हसून बघत, "हो रे राजा, नक्की!"

पुसलं की! धडा गेला, नावं गेली, एकेचाळीस पडदे कोरे, आणि मधोमध अक्षरं, "स्वागत आहे. आपली भाषा निवडा."

मग उचलला खडू. दुसरं करणार काय? वहीचं पान फाडा म्हटलं, घाला घडी, हा अर्धा. परत घडी, हा पाव. आणि ती दोन वेण्यांची एकदम उठून म्हणते, "बाई, खालचा आकडा मोठा झाला की तुकडा लहान होतो!" अहो, हे एक वाक्य ऐकायला तर मी दरवर्षी घसा कोरडा करते! तेवढ्यात मागून हात वर. बघते तर साहेब! "बाई, सोळावा भाग जमेल का हो ह्याच कागदात?" घंटा झाली तरी कुणी हलेना. मला वाटलं, वाचला माझा वर्ग!

दुपारी मोठ्या बाईंच्या खोलीतून बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "बाई, तास उत्कृष्ट!" आणि हजेरीचा पडदा माझ्याकडे वळवला. "पण झालेला नाही."

"म्हणजे?"

"हजेरी शून्य. मुलं गैरहजर. तुमची हजेरी त्यांच्या हजेरीला जोडलेली, म्हणून तुम्हीही गैरहजर."

"अहो साहेब, पण तुम्ही स्वतः होतात ना! घड्या घातल्यात ना!"

त्यांनी खिशातून तो कागद काढला, सोळा भाग मोजले, परत खिशात ठेवला. "होतो हो मी. पण माझी कुठं हजेरी लागते तिथं?" आता ह्यात मी काय समजायचं, तुम्हीच सांगा!

"मग माझा वर्ग?" मी विचारलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "अहो, तास झालाच नाही, मग फसला कुठून? राहू दे तिसरी तुमच्याकडेच. फक्त बुधवारचा रजेचा अर्ज तेवढा द्या."

दिला बाई अर्ज. भांडणार कुणाशी, वर्ग तर राहिला! पण कारकून म्हणाले, "कारण लिहिल्याशिवाय मंजूर नाही व्हायचा." मग मी आपलं खरं ते लिहिलं, "वर्गात शिकवत असल्यामुळे शाळेत येऊ शकले नाही."

लगेच मंजूर झाला!