माशांची मळी

संभाजी: फोन लाव परत, उत्कर्षा. त्या मासेवाल्याला म्हणावं, येऊ नगं.

उत्कर्षा: ज्ञानेश बारामतीहून निघालासुद्धा, आबा. जाऊ देत मासे परत दुकानात. टाकीतलं खारं पाणी किती वेळा बदललं, तरी गढूळ ते गढूळच. कोळंबी तर दगडामागून बाहेरच येत नाही. इथं मरण्यापेक्षा तिकडं जगतील.

प्रयागबाई: सूनबाईच्या माहेरी कोळंबी ताटात, आन् आमच्या लासुर्ण्यात काचंत! ऐकावं ते नवलच.

उत्कर्षा: हसू नका ना, आई. हर्णैची मी, दारात समुद्र. आणि मला दोन नारिंगी मासे न् एक कोळंबी सांभाळता येत नाही. फार लागतं मनाला.

संभाजी: म्हणून तर सकाळधरनं हे जुळवत बसलोय. तुझ्या फिल्टरात निस्ता स्पंज. घाण त्यात अडकती आन् तितंच कुजती. तू ते फेसाचं यंत्र दाखवलं हुतंस बघ मोबाईलमधी.

उत्कर्षा: स्किमर. पाण्यात बारीक बुडबुडे सोडायचे. घाण त्यांना चिकटते आणि फेसाबरोबर वर येते.

संभाजी: गुऱ्हाळात मळी वर येती तशी! काढली न्हाय तर गूळ काळा. हे बघ, उभा पाईप, वर फेस धरायला बाटली, आन् खाली ठिबकचा व्हेंचुरी. तितं उसाला खत ओढतो, हितं हवा ओढंल.

उत्कर्षा: अय्या, आबा! ओढेल की हो! थांबा, हे पिवळं काय?

संभाजी: पाईप जोडायचा पितळी निपल. जन्मात गळायचा न्हाय.

उत्कर्षा: काढा, काढा! पितळेत तांबं असतं. खाऱ्या पाण्यात उतरलं की कोळंबी गेलीच.

संभाजी: आरं तिच्या! मी आपला मजबुती बघत बसलो. अगं, शेडातनं प्लास्टिकचा आण बरं.

प्रयागबाई: ह्यो घ्या. ह्या घरात माणसांपरीस नळ्याच जास्त.

उत्कर्षा: आता आधी हा स्पंज काढू. शी! किती जड झालाय. आबा, यात हे काय चिकटलंय? भाकरी?

संभाजी: ज्वारीचीच हाय. म्या न्हाय टाकली.

उत्कर्षा: आई?

प्रयागबाई: मला बघून कसं काचंला तोंड लावत्यात गं दोन्ही मासं! तू दिसातनं एकदा चिमूटभर घालतीस. ते काय खाणं झालं? ह्या घरात कोण उपाशी ऱ्हात न्हाय. जेवताना दोन कुसकरं टाकती मी.

उत्कर्षा: जेवताना म्हणजे दोन्ही वेळा?

प्रयागबाई: न्याहारीलाबी.

संभाजी: एवढं मला वाढलं असतंस तर!

उत्कर्षा: आणि मी वेडी, मलाच जमत नाही म्हणून रडत होते! आई, मला राग यायला हवा, पण हसूच येतंय.

संभाजी: हसून झालं का? लाव पंप.

(पंप सुरू होतो. तिघं टाकीपुढं वाकतात.)

प्रयागबाई: काय व्हईना.

संभाजी: दम धर. कढईबी लगीच उकळती व्हय?

उत्कर्षा: चढतोय! आबा, फेस चढतोय! बाटलीत आला!

संभाजी: चहावानी पाणी! बघ, मळी निघाली! न्याहारीची दिसती.

प्रयागबाई: गप बसा. ती बघ गं, दगडामागनं मिशा हालल्या.

उत्कर्षा: आली! आई, कोळंबी बाहेर आली! थांबा, फोन वाजतोय. हॅलो, ज्ञानेश? फाट्यावर पोचलास? ये ना, चहा घेऊन जा. नाही, न्यायचं काही नाही. मासे इथंच राहणार. समुद्री मिठाची पिशवी असली गाडीत, तर तेवढी घेऊन ये.

प्रयागबाई: उत्कर्षा, आज त्यांचं खाणं व्हायचंय.

उत्कर्षा: तुम्हीच घाला, आई. रोज तुम्हीच घालत जा. डबीतलं, चिमूटभर.

प्रयागबाई: माझ्या चिमटीनं का तुझ्या?

उत्कर्षा: माझ्या, आई. माझ्या.