धुरपदाबाईला कोणी नाही

कोणाला सांगू नकोस म्हणून दादांनी बजावलंय, पण तुम्हाला सांगते, किती दिवस पोटात ठेवायचं? दादा म्हणजे माझे वडील, गावचे तलाठी. दुष्काळात कोणी नसलेल्या म्हाताऱ्या-पांगळ्यांना सरकारी ज्वारी मिळते ना, ती यादी तेच लिहितात. त्यात आमच्या शेजारच्या धुरपदाबाईचं नाव होतं, आणि ते कटलं... माझ्यामुळे! आता यात माझं काय चुकलं?

म्हणजे बघा, शाळेत सगळे मुलगे, मी एकटी मुलगी, माझ्याशी कोण बोलणार? बोलते ती एक धुरपदाबाई. मग तपासणीला धुळ्याहून साहेब येणार म्हटल्यावर मी तिला तेल लावलं, केस विंचरले, आईचं जुनं लुगडं नेसवलं. चारचौघांत काय तिनं चिंध्यांत उभं राहायचं?

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. राणी सरकारच्या वेळचं... राणी जाऊन अठरा वर्षं झाली, पुस्तक मात्र ठणठणीत! "निराधार?" असं म्हणत मान वर केली, आणि बघतच राहिले. "ही? हिला तेल कोण लावतं?"

आता दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, साहेब, मला कोणी नाही. दादा मागून हातवारे करून थकले! पण समोर उभ्या लेकराच्या तोंडावर 'कोणी नाही' म्हणायचं, तिच्यानं होईल? माझा हात धरून म्हणते कशी, "शे ना! हाई पोर मनीच शे!" माझीच पोर म्हणे!

साहेबांनी मला विचारलं, "तू कोणाची गं?" माझं बोट तेवढं दादांकडे गेलं... झालं! साहेब कडाडले, "काय हो तलाठी, घरच्याच माणसांना सरकारी ज्वारी?"

"नाही हो साहेब, शेजारीण ती..."

"मग पोर तिची कशी?"

कटलं नाव! आता यात माझं काय चुकलं?

पुढची तपासणी पाडव्यानंतर. तोवर आई परसदारानं तिला भाकरी देते, आणि दादा त्याच वेळी नेमके भिंतीकडे बघत बसतात. आणि नाव परत लागायचं तर तिला कोणी नाही हे गावाला दिसायला हवं, म्हणून मी तिच्या ओट्यावर पाऊल टाकायचं नाही! काल कुडाआडून विचारलं, "अक्का, केस तरी विंचरू?" तर म्हणते, "नको वं पोर, सरकार देखी!" सरकार बघेल म्हणे!

चालायचंच. सरकारदरबारी आता तिला कोणी नाही. आणि शाळेतून आल्यावर मला तरी दुसरं कोण... आले गं आई! नाही गं, कोणाशी बोलणार, मी एकटीच तर...