बिस्मिल्लाबींच्या कढईतलं तेल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्यवाह आदरणीय केशवराव, अमरावतीहून मुद्दाम आलेल्या आहारतज्ज्ञ निखत मॅडम, कबड्डीचे प्रशिक्षक अंकुर सर, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या आपल्या स्वयंपाकीण बिस्मिल्लाबी, जमलेले वलगावकर, आणि मागे सतरंजीवर चुळबुळ करत बसलेल्या माझ्या मुलांनो,

वसतिगृहाचा अधीक्षक म्हणून मी रोज बाईंच्या हातचं जेवलो, म्हणून बोलायचं माझ्याकडे आलं. खरं सांगू का? अलीकडे माईकसमोर उभं राहायचा कंटाळा येतो. गेल्या काही वर्षांत आपण या सभागृहात बहुतेक शोकसभाच घेतल्या. आज निदान ज्यांच्याविषयी बोलायचं त्या समोर बसून ऐकताहेत, यातच समाधान मानतो.

तुमच्यातल्या लहानांना माहीत नसेल, पण इथं पूर्वी रोज पेलाभर दूध मिळायचं. मग चाऱ्याचे हाल झाले, गावातल्या म्हशी बाजारात गेल्या आणि दूध बंद पडलं. कबड्डीची पोरं नुसत्या वरणभातावर किती खेळणार? एका देणगीदारानं प्रोटीन पावडरचे डबे पाठवले. अंकुर सरांनी बजावलं, गार पाण्यातच द्यायची, गरम केली की प्रोटीन मरतं. मुलांनी ती थोडे दिवस नाक दाबून प्यायली आणि मग मोरीत ओतायला लागली. बिस्मिल्लाबींनी ते पाहिलं आणि कोणाला न विचारता पावडर कणकेत मळून पोळ्या लाटल्या.

पुढचं सरांना आठवत असेल. रागावू नका सर, आज निरोपाचा दिवस आहे. महागाची पावडर तव्यावर जाळली, या बाईंना काढा, असं तुम्ही समितीला सांगितलंत. बिस्मिल्लाबी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पोट्टे पिऊनच नाई राहिले जी. अर्धं जाईन, अर्धं त पोटात राईन, म्हून मिसळलं."

निवाडा करायला केशवरावांनी निखत मॅडमना बोलावलं. मॅडमनी सरांना विचारलं, "अंडं उकडून खाता ना? मग त्यातलं प्रोटीन वाफेबरोबर उडून जातं का?" उष्णतेनं त्याचं रूप बदलतं, करपू दिलं तर थोडं घटतंही, पण पोळीतलं अंगी लागतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. बाईंची नोकरी वाचली. सरांनीही मोकळेपणानं माफी मागितली, हे त्यांच्या मोठेपणाला धरूनच झालं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात मॅडमचं लक्ष कढईकडे गेलं. काळं, चिकट, धड तापायच्या आधीच धूर सोडणारं तेल. "हे किती वेळा तापवता?"

"सरेपर्यंत तेच. वरून थोडं टाकतो," बिस्मिल्लाबी म्हणाल्या.

मॅडम म्हणाल्या, पावडरीची काळजी सोडा. पुन्हा पुन्हा तापून तेल बिघडतं, मुलांना अपाय व्हायचा तर तो यानं. नोकरी जात होती तेव्हा बाई रडल्या नव्हत्या, हे ऐकून रडल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तळणच बंद केलं, कारण मिळायचं त्या तेलात फोडणीच जेमतेम भागायची. पुऱ्या गेल्या, भजी गेली, आणि मुलांनो, ज्यांना तुम्ही खाला, म्हणजे मावशी, म्हणता त्या बाईंना काय काय नावं ठेवलीत, ते मी ऐकलं आहे. त्या दर बैठकीत जादा तेल मागत राहिल्या. समिती तो विषय पुढच्या बैठकीवर ढकलत राहिली.

आता हे मानपत्र. सुरेख लिहिलं आहे. त्यात एक वाक्य असं आहे की, तेलाचा थेंबही वाया न घालवता बाईंनी संस्थेची मोठी बचत केली. काल मी त्यांना ते वाचून दाखवलं. कौतुक आहे, खूश होतील असं वाटलं. त्यांनी कागदाची घडी घालून तो माझ्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "हे नका वाचू सर. ते तेल पोट्ट्यायच्या पोटात गेलं. माह्या मांगून जे बाई येईन, तिले तळाले नवं तेल देजा. मले शाल नसली तरी चालते."

म्हणून ते वाक्य मी वाचणार नाही.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. कोणाला काही लागलं असेल, तर थकलेल्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून द्यावं. खरं तर मी आता बसायला हवं. पण केशवराव, नव्या बाई सोमवारी रुजू होताहेत. तेलाचं तेवढं हो म्हणा, म्हणजे बसतो.