रुमाल हलेपर्यंत

महिपतराव : ...वाजवायला बोलवतच नाहीये रे मी तुला. थांबवायला ये.

दिनकरराव : म्हणजे काय?

महिपतराव : काल शिंदे की छावनीत तालीम केली. दरबार बँडचे छत्तीस होतो, त्यातले सात उरलोत. म्हटलं, बघू तरी जमतंय का. सलामी सुरू केली. ती पाऊण तास थांबलीच नाही.

वनमालाबाई : अगंबाई! मग थांबली कशी?

महिपतराव : ट्रॉम्बोनवाला कान्होजी चक्कर येऊन पडला, वहिनी. दोघे त्याला उचलायला गेले. बाकीचे तरीही वाजवतच होते.

दिनकरराव : मूर्ख आहात. रेडिओवाल्यांनी रेकॉर्डिंगला तीन मिनिटं सांगितलीत ना? घड्याळ ठेवायचं समोर.

महिपतराव : ठेवलं होतं की. पण घड्याळाचा हुकूम कोण मानतो? ते काय आपला अफसर आहे? अन् जो पहिला थांबेल तो भगोडा. पंचवीस वर्षांची आपली रीत एकच. कप्तानसाहेब महालाच्या पायऱ्यांवरून पांढरा रुमाल हलवणार, तो तू पाहणार, तू तोंडाचं कॉर्नेट खाली घेतलंस की सगळे चूप. त्या धूनला शेवट असा कुणी लिहिलेलाच नाही. तिचा शेवट म्हणजे तू.

वनमालाबाई : भाऊजी, परवा एकतीस तारीख. दुपारी एकची गाडी आहे आमची. मध्य भारत गेला, मध्य प्रदेश आला, अन् यांच्या दफ्तराचा तबादला भोपाळला. चौदा कपाटं, नऊ टेबलं आणि हे.

महिपतराव : रेकॉर्डिंग सकाळी दहाला आहे, वहिनी. साडेदहाला परत आणून सोडतो. टांग्यानं.

दिनकरराव : त्याच टांग्यानं ना, ज्याचा घोडा काल तुमची सलामी ऐकून परेडच्या चालीनं चालायला लागला?

महिपतराव : पोचलं वाटतं तुझ्यापर्यंत.

वनमालाबाई : आपल्या सगळ्या खासगी बाजाराला पोचलंय. स्टेशनला निघालेली सवारी छावणीत उतरली म्हणे.

महिपतराव : रिसाल्यातला घोडा आहे तो. म्हातारा झालाय, पण त्याचं काही चुकलं नाही. अरे, लोक दुकानांतून उठून आले, दिनकर. हलवायानं कढई उतरवली. सात जण, त्यातले तीन बेसूर, अन् तरी लोक सरळ उभे राहिले. त्यातला एक माणूस तर उत्तर प्रदेशातला होता.

दिनकरराव : माझे वरचे दात गेलेत. फुंकताच येत नाही.

महिपतराव : नको ना फुंकूस! हातात नुसतं धर.

वनमालाबाई : धरणार काय? कॉर्नेटच्या कर्ण्यात मी लोणच्याची बरणी बसवून बांधलीये. इतकी घट्ट दुसरीकडे कुठे बसलीच नाही.

महिपतराव : बरणीसकट चालेल.

दिनकरराव : महिपत, मी येणार नाही. दुसरा कुणी शोध.

महिपतराव : का पण?

दिनकरराव : का म्हणजे... वनमाला, चहा टाक जरा.

वनमालाबाई : स्टोव्ह बांधला. बोला माझ्यादेखतच.

(दिनकरराव ट्रंकेवर बसतात. ट्रंक कुरकुरते.)

दिनकरराव : एकोणपन्नास सालातला तो आपला शेवटचा दिवस. बँड मोडायचा होता. आपण सलामी सुरू केली.

महिपतराव : सव्वा तास वाजवली. माझ्या ढोलाचं चामडं सैल पडलं होतं.

दिनकरराव : कप्तानसाहेब आत गेले होते. दिल्लीच्या साहेबाकडून सामानाच्या यादीवर सही घ्यायला. ती यादी मी नंतर पाहिली. आपण फर्निचरमध्ये होतो. झुंबरांच्या खाली, गालिच्यांच्या वर.

महिपतराव : वर होतो ना? मग ठीक.

दिनकरराव : चेष्टा नको. मी पायऱ्यांकडे बघत राहिलो. कुणीच बाहेर येईना. ओठ फाटला, रक्त आलं. आणि मी कॉर्नेट खाली घेतलं. तुम्ही सगळे थांबलात. तुम्हाला वाटलं हुकूम आला. महिपत, रुमाल हललाच नव्हता. बँड सरकारनं नाही मोडला, मी मोडला. सात वर्षं कुणाला बोललो नाही.

वनमालाबाई : म्हणून झोपेत हात खाली घेता होय! मी सात वर्षं समजतेय, मच्छर हाकलताय.

महिपतराव : ठाऊक आहे मला.

दिनकरराव : काय ठाऊक आहे?

महिपतराव : रुमाल हलला नव्हता ते. मोठा ढोल मागच्या रांगेत, अन् माझी उंची सहा फूट. पायऱ्या मलाही दिसत होत्या. रिकाम्या होत्या.

दिनकरराव : तुला दिसत होतं? मग तू का नाही थांबलास?

महिपतराव : माझं थोडंच ते काम होतं? मी मनात म्हणत होतो, हा दिनकर आता तरी थांबेल, आता तरी थांबेल. तू कॉर्नेट खाली घेतलंस तेव्हा मी देवाचे आभार मानले. अरे, त्या दिवशी तू थांबला नसतास तर आम्ही अजून वाजवत असतो. राज्य गेलंच होतं, आता मध्य भारतही चालला, अन् आम्ही आपले तिथेच उभे.

दिनकरराव : ...सांगायचंस ना रे कधी.

महिपतराव : तू सरकारी दफ्तरात लागलास, मी शाळेत घंटा द्यायला लागलो. फुरसत कुणाला होती? आणि मला वाटायचं, तुला ठाऊक असेल मला ठाऊक आहे ते.

वनमालाबाई : झालं? आता मी सांगते. साडेदहा म्हणजे साडेदहा. आणि त्या घोड्याचा टांगा नको.

दिनकरराव : अगं, पण रुमाल? पायऱ्या नाहीत, कप्तानसाहेब नाहीत. मी बघू कुणाकडे?

महिपतराव : कुणाकडेच बघू नकोस. यंदा रुमाल तूच हलव.

वनमालाबाई : पांढरा एकच उरलाय बाहेर. हिंगाच्या डबीला गुंडाळलेला. घ्या.

दिनकरराव : वास मारतोय.

महिपतराव : रेडिओवर वास येत नाही.

दिनकरराव : बरं. तीन मिनिटं झाली की हलवतो.

महिपतराव : हो.

दिनकरराव : बरोबर तीन.

महिपतराव : हो रे. ...दिनकर, जरा उशिराच हलव.