उत्तरेकडची भिंत

फोटोच्या दुकानात माझ्यापुढे नणंद-भावजय रांगेत उभ्या होत्या.

“वन्सं, तुमच्या भावाच्या मनात काहीतरी आहे. वीस वर्षं चर्चची पायरी चढले नाहीत, आणि आता एकदम आठ दिवसांची यात्रा.”

“वय झालं की देव आठवतो, वहिनी.”

“सकाळी तीर्थस्थळं, दुपारी कुठल्याशा जुन्या चर्चची डागडुजी. मी येते म्हटलं, तर म्हणाले, बायकांचं तिथं काम नाही. यादीत अकरा बायका आहेत.”

“तुम्ही यादी पाहिलीत?”

“फादरना गाठलं. ते म्हणाले, चर्च यांनीच सुचवलं. उत्तरेकडचीच भिंत हवी म्हणून हटून बसलेत. तिथं कोण राहतं, वन्सं? खरं सांगा.”

“कोणी राहत नाही.”

“मग तुमचा चेहरा का उतरला?”

“दादा एकोणीस वर्षांचा होता. ती भिंत त्याने आणि त्याच्या दोस्ताने बांधायला घेतली होती. अर्ध्यावर कोसळली. दादा पाणी प्यायला बाहेर आला होता म्हणून वाचला.”

“आणि दोस्त?”

“तिथंच पुरलंय त्याला, चर्चच्या आवारात.”

“सव्वीस वर्षं संसार केला मी. एका शब्दाने बोलले नाहीत.”

“आमच्याकडेही कोणी विषय काढत नाही. पण तुम्ही फोटो कशाला काढताय?”

“यात्रेच्या अर्जासाठी. रंगकामात नाव दिलंय मी, त्यांना न सांगता.”

“मग ते नाव काढून घ्या. त्याला एकट्याला जाऊ द्या.”

“नाव राहू दे. फादरना सांगते, मला भिंतीच्या कामाला लावा. हातात विटा द्यायला कोणीतरी लागेलच ना त्यांना.”