टाइल स्वस्त आहे गं!

...पण मी 'हो' म्हटलं कधी? तुम्हाला सांगते, मी फक्त मान हलवली! माझी मानच तशी आहे हो, घाबरली की आपोआप वरखाली होते. सरांनी भर वर्गात विचारलं, "काय गं, तुझ्या मामाच्या दुकानात लेझरचं मशीन आहे ना? मोठ्या बाई सोमवारी निवृत्त होतायत. त्यांचा फोटो टाइलवर कोरून आणशील?" सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघतोय... आणि मान गेली खाली, वर, खाली. झालं!

आता मोठ्या बाई म्हणजे काय चीज आहे, ते कसं सांगू? त्या ओरडत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं! चष्म्यावरून नुसती डावी भुवई उचलतात, आणि तीन वर्गांपलीकडच्या मुलाला आपला गृहपाठ राहिलाय ते आठवतं. ती भुवई मी कोरायची? आणि वाकडी आली तर?

मामा मात्र खूश! "अगं, न्हाणीघरात लावतात ना, ती साधी टाइल घ्यायची. वरून पांढरा स्प्रे मारायचा, वाळवायचा, लेझर फिरवायचा. लेझर लागेल तिथला रंग काळा होऊन चिकटून बसतो, बाकीचा थिनरने पुसायचा. आधी आठ-दहा वाया घालव. टाइल स्वस्त आहे गं, घाबरतेस कशाला!"

वाया घालवायला फोटो कुणाचा? दुसऱ्याचा मागायचा म्हणजे बोलावं लागणार! म्हणून माझाच घेतला. ओळखपत्रावरचा, ज्यात मला नुकतीच कुणीतरी टाचणी टोचल्यासारखी दिसते मी.

पहिली टाइल. वेग फार कमी ठेवला. मशीनच्या झाकणाखाली धूर, दुकानभर जळका वास, आणि बाहेर आला तो नुसता कोळसा, त्याला दोन वेण्या! दुसरीत वेग वाढवला, तर लेझर माझ्यावरून असा पळाला, जणू त्यालाच माझी भीती वाटली. तिसरी छान आली हो, अगदी छान, म्हणून मी थिनरचा बोळा फिरवला... आणि माझं तोंड बोळ्यावर! टाइलवर नुसत्या भुवया उरल्या. भुवया! मला काय दिसलं असेल, तुम्हीच सांगा. मामा म्हणाला, "रंग ओला होता. टाइल स्वस्त आहे गं, घे दुसरी!"

असं करत नऊ झाल्या. दहाव्या टाइलला मामाने काळा स्प्रे मारला, बदल म्हणून. आता काळ्यावर सगळं उलटं होतं. लेझर लागेल तिथला रंग उडतो आणि खालची पांढरी टाइल दिसते. म्हणजे फोटोही आधी उलटा करायला हवा ना? मामा विसरला, मीही विसरले. आले मग मी... पांढरे केस, पांढरी बुबुळं, काळेकुट्ट दात! मामी चहा घेऊन आली, बघितलं आणि अर्धा कप बशीत. "अगं बाई! ही कोण गं?"

"मी," मी म्हटलं.

मामीने एकदा टाइलकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "तरीच," म्हणाली आणि गेली!

आणि मग कळलं की रविवार आहे, रंगाचं दुकान बंद आहे, काळा डबा रिकामा, आणि पांढऱ्यात जेमतेम एका टाइलपुरता रंग. एका! टाइल स्वस्त होती हो, ढीगभर होत्या, पण रंग संपला होता! उरलेला रंग बाईंच्या टाइलवर मारला, रात्रीपर्यंत वाळवली, दहा वेळा कडेला बोट लावून बघितलं, आणि लेझर सुरू केला. तो वरून खाली, एकेक रेघ काढत येतो. आधी अंबाडा आला. मग कपाळ. मग... ती भुवई. बाई टाइलमधून हळूहळू वर येऊन माझ्याकडेच बघतायत! मी डोळे मिटले. थिनरचा बोळा मिटल्या डोळ्यांनीच फिरवला. उघडले, तर बाई जागच्या जागी. भुवईसकट.

सोमवारी बाईंनी टाइल हातात घेतली. बराच वेळ बघितली. "कुणी केलं हे?"

माझी मान खाली, वर.

"मान नको. तोंड उघड."

"म... मी."

"पहिल्याच फटक्यात?"

"नाही. आधी दहा वाया गेल्या. त्यांच्यावर मी होते."

बाईंची भुवई वर गेली... आणि तुम्हाला सांगते, पाठोपाठ दुसरीही गेली! बाई हसल्या! "म्हणजे मला चटका लागू नये म्हणून स्वतःला दहादा भाजून घेतलंस?"

सुटले, म्हटलं. संपलं एकदाचं! उड्या मारत दुकानात गेले, आणि दारातच थिजले. काउंटरमागच्या भिंतीवर ओळीने मी. दहा वेळा. खाली नंबर! आणि समोर एक गिऱ्हाईक, "आमच्या बाबांचा फोटो सात नंबरच्या मुलीइतका काळा करा. आणि ती दहा नंबरची कोण हो? रात्री दिसली तर?"

"ही काय, दारात उभी आहे!" मामा म्हणाला.

गिऱ्हाईक वळलं आणि दचकलं!

मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "मामा, काढ त्या! फुटल्या तर फुटू देत, टाइल स्वस्त आहे!"

"टाइल स्वस्त आहे गं," मामा म्हणाला, "पण एवढे नमुने देणारा चेहरा कुठून आणू? राहू दे ना?"

आणि काय सांगू तुम्हाला... मान गेली खाली, वर, खाली.